दोर सुटला

रहिमतपूर

रहिमतपूरच्या बाजारपेठेत, बांगड्यांच्या एका दुकानात मी मांडी घालून बसले आणि पहिली चित्रफीत दाखवली. दुकानदार चाचा सत्तरीच्या पुढचे. हातात टॅब्लेट धरून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे बारीक करून पाहिलं. फितीत एक माणूस येतो, इकडंतिकडं बघतो, खुंटीला बांधलेल्या शेळीचं दावं सोडतो आणि निघून जातो. शेळी पळते. अर्ध्या मिनिटात सगळं संपतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्यानं शेळी सोडली की वो. आन् मालक न्हवं त्यो. मालक असा इकडंतिकडं बघंल व्हय?"

दुकानातल्या बायका हसल्या. मी वहीत खूण केली.

मी नागपूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. नोकरीची थोडी वर्षं उरली आहेत. वर्गात कर्तरी-कर्मणी प्रयोग शिकवून शिकवून कंटाळले आणि वाटलं, लोक खरंच कसे बोलतात ते एकदा फिरून ऐकावं. म्हणून अशा सात मूक फिती तयार करून घेतल्या. कोणी माठ फोडतं, कोणी फांदी तोडतं, कोणी दिवा विझवतं. घडलेली गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. 'त्याने शेळी सोडली' म्हटलं की माणूस दिसतो. 'शेळी सुटली' म्हटलं की तो माणूस वाक्यातून नाहीसा होतो आणि वाक्य शेळीचं होतं. कोणाला पुढं बसवायचं आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचं हे बोलणारा ठरवतो, बहुतेक वेळा नकळत. मला ते नकळत ठरवणं पकडायचं होतं. आमच्या विदर्भात हे काम झालं होतं. तिकडं चौकाचौकात "बकरी सोडली ना त्यानं" असंच उत्तर मिळालं. आता सातारा-सांगलीच्या कोरड्या पट्ट्यात यायचं होतं.

रहिमतपूरला दोन दिवसांत तीस माणसं बोलली. चाचांच्या घरी दुपारी जेवायला थांबवून घेतलं. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि हिरव्या मिरचीचा खरडा. मी सावजी रस्सा खाऊन वाढलेली बाई, तिखटाला भीत नाही. पण त्या खरड्यानं माझं नाक, डोळे आणि अभिमान तिन्ही वाहायला लागले. चाचींनी न विचारता दह्याची वाटी पुढं सरकवली. तीसच्या तीस माणसांनी शेळी 'सोडली' होती.

वडूज

वडूजला दस्तगीर मुलाणी गुरुजींकडं उतरले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला माणूस, वय सत्तरच्या आसपास, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं. आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं त्यांचं नाव दिलं होतं. त्यांची जुनी पांढरी गाडी होती आणि आख्खा माण-खटाव त्यांना गुरुजी म्हणून ओळखत होता. मला दुसरं काय हवं होतं.

चहा पिताना मी त्यांना फिती दाखवल्या. पहिली संपली आणि गुरुजी गप्प झाले. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा विचारलं, "काय झालं, गुरुजी?"

"त्यानं शेळी सोडली," ते म्हणाले. मग कप खाली ठेवला. "मॅडम, तुमाला गंमत दाखवू का? म्हसवडच्या अलीकडं एक वाडी हाय. मी तिथं आठ वर्षं मास्तर हुतो. तिथं हीच शेळी दाखवा."

"का?"

"बघा तर खरं."

ते गंमत म्हणाले, पण त्यांचा चेहरा गमतीचा नव्हता. ते मला त्या दिवशी जाणवलं नाही. नंतर आठवलं.

वाडी

वाडीचं नाव मी लिहीत नाही. म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन घेऊन आम्ही मागं फिरलो आणि एका उघड्या माळावर शिरलो. डोंगराच्या कडेला पवनचक्क्या ओळीनं उभ्या होत्या. वारा असूनही त्यातली एकच फिरत होती. ऊन डोक्यावर आलं होतं. चाळीसेक घरं, बहुतेक मेंढपाळांची. आता शेतीही करतात. घरांची दारं उघडी, अंगणात कोणी नाही.

वाडीच्या तोंडाशी मोठी विहीर. कॅनॉलचं पाणी आल्यापासून या भागातल्या विहिरी भरल्यात हे ऐकलं होतं. ही तर काठोकाठ भरलेली. हिरवं, गच्च पाणी. पण वर मोटर नव्हती, पाइप नव्हता, रहाट नव्हता. काठावर कोणाचं पाऊल पडल्याची खूणही नव्हती. पलीकडं पन्नास पावलांवर बायका टँकरच्या टाकीला नळी लावून घागरी भरत होत्या.

"हे पाणी का घेत नाहीत?" मी विचारलं.

"न्हाई घेत," गुरुजी म्हणाले.

ते मला हौसाबाईंच्या घरी घेऊन गेले. उंच, वाळलेल्या अंगाची बाई, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. त्यांनी आम्हाला हुलग्याचं माडगं दिलं. गरम, दाट, लसणाचा वास असलेलं. नागपूरला मी कधी चाखलं नव्हतं. दोन वाट्या प्याले. "घ्या बाई, उन्हाचं आलाय," एवढंच त्या बोलल्या. मग आम्ही घरोघर निघालो तर त्याही सोबत निघाल्या. प्रत्येक घरात त्या उंबऱ्याशी बसायच्या, भिंतीला पाठ टेकून.

पहिल्या घरात एक तरणी सून होती. फीत पाहून झाल्यावर म्हणाली, "शेळी सुटली."

दुसऱ्या घरात म्हातारबा. "शेळी सुटली."

तिसऱ्या घरात मुंबईला हमाली करून आलेला धडधाकट माणूस. "शेळी सुटली, पळाली."

मी त्याला फीत पुन्हा लावली. माणूस दिसतो तिथं बोट ठेवलं. "हा काय करतोय?"

"उभा हाय."

"दाव्याला हात लावतोय ना?"

"लावतोय."

"मग शेळी कोणी सोडली?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग उंबऱ्याकडं पाहिलं. "सुटली म्हणलं न्हवं, बाई," तो म्हणाला आणि टॅब्लेट अलगद पालथा घालून माझ्यापुढं ठेवला.

अकरा घरं झाली. माठ 'फोडला' सगळ्यांनी, फांदी 'तोडली', दिवा 'विझवला'. फक्त शेळी सुटली. अकराव्या घरी टॅब्लेट उन्हानं इतका तापला की बंद पडला. पडद्यावर थंड होऊ द्या अशी सूचना आली. हौसाबाईंनी ओलं फडकं करून त्यावर घातलं, तापाच्या माणसाला घालतात तसं. मी घाईघाईनं फडकं काढलं. त्यांना वाईट वाटलं असेल.

निघताना एका आजोबांना स्टँडवर जायचं होतं. मी सहज म्हटलं, "चला, वाटेत सोडते तुम्हाला."

अंगणातले सगळे थांबले. घागर घेऊन चाललेली एक बाई पाय उचललेला तसाच ठेवून उभी राहिली. 

"पोचवते म्हणा, बाई," आजोबा हळूच म्हणाले. "पोचवते म्हणा."

"पोचवते," मी म्हटलं. मग बाई पुढं चालायला लागली.

वडूज, संध्याकाळ

गुरुजींच्या ओसरीवर बसून, दिवे लागायच्या आत मी टॅब्लेटवर झालेलं त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण कानाला लावून ऐकलं. फितींची उत्तरं सोडून मध्ये मध्ये लोकांच्या गप्पाही आल्या होत्या. गुरं धारेनंतर 'सुटली', नवऱ्यानं नोकरी 'टाकली', भाच्याला गावी 'पोचवला'. वाडीच्या तीन तासांच्या बोलण्यात 'सोडणे' हे क्रियापद एकदाही नव्हतं. मराठी माणसाला दिवसभरात किती वेळा सोडावं लागतं ते मोजून बघा. 

आणि आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक घरात, "शेळी सुटली" या उत्तराच्या पाठोपाठ, अगदी बारीक, दुसरा एक आवाज तोच शब्द म्हणत होता. सुटली. मी आवाज वाढवला. पुढच्या घरातही तेच. सुटली. अकराही घरांत. बाईचा आवाज होता आणि तो उंबऱ्याकडून येत होता.

मी कानातलं काढून गुरुजींच्या हातात दिलं. त्यांनी एकच घर ऐकलं.

"हौसाबाई," ते म्हणाले. "त्यांची पोर गेली त्या विहिरीत."

मग त्यांनी सांगितलं. चाळीसहून जास्त वर्षं झाली. गुरुजी तेवीस वर्षांचे, नवी नोकरी, वाडीत एकटेच बाहेरचे. दुष्काळ होता. विहिरीच्या तळाला वाटीभर झरा उरलेला. मोठ्या माणसाला खाली सोडणं जमत नव्हतं, म्हणून बायका बारक्या पोरीला कमरेला दोर बांधून उतरवायच्या. ती वाटी वाटीनं घागर भरायची, मांडीवर घ्यायची आणि बायका तिला घागरीसकट वर ओढायच्या. एक दिवस ती वर आली नाही.

"पाटलाच्या ओसरीवर पंचनामा झाला. वाडीत लिवता येणारा मी एकटा. सगळे म्हणाले, गुरुजी, लिवा, दोर सुटला. मी लिवलं. 'कमरेचा दोर सुटून खाली पडल्याने मयत.' ते वाक्य माझं हाय, मॅडम."

"कोणी सोडला, विचारलं नाहीत?"

"न्हाई. दोराला सहा बाया हुत्या. सहाही माझ्यासमोर उभ्या हुत्या. एकीच्याबी तोंडाकडं बघवलं न्हाई मला."

थोडा वेळ ते खिशातल्या पेनांशी चाळा करत राहिले.

"पुढच्या वर्षी वर्गात प्रयोग शिकवाया घेतले. म्हणलं, एक वाक्य सांगा रं. मागच्या बाकावरची पोरगी उभी राहिली. 'गुरुजी, दोर सुटला.' मी इचारलं, कर्ता कोण? सगळी पोरं एका आवाजात म्हणली, दोर." गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "बरोबर हाय न्हवं, मॅडम? व्याकरणानं बरोबर हाय. मी त्या वाडीत पुन्हा प्रयोग शिकवले न्हाईत."

 मी तीस वर्षं हाच प्रश्न फळ्यावर लिहीत आले आहे.

"त्यातल्या चार बाया गेल्या," ते म्हणाले. "दोन हायेत. एक हौसाबाई. दुसरी त्यांची धाकटी जाऊ, तानूबाई. ती त्याच साली वाडीतनं निघाली. लेकीकडं राहती, आटपाडीच्या पुढं. तुमाला तुमचा शब्द कुठं मिळाला तर तिथं मिळंल."

तेव्हा मला कळलं की गुरुजींनी मला वाडीत गंमत दाखवायला नेलं नव्हतं.

आटपाडीच्या पुढं

जिल्हा बदलला तरी माळ तोच. आटपाडीच्या पुढं डाळिंबाच्या बागा लागल्या. उन्हानं फळं भाजू नयेत म्हणून झाडांवर जुनी पातळं पांघरलेली. लाल, पोपटी, विटकी निळी. वाऱ्यानं पदर हलत होते. दुरून शेकडो बायका डोक्यावरून पदर घेऊन रांगेत उभ्या असाव्यात असं वाटलं, आणि जवळ गेल्यावरही तो भास पुरता गेला नाही. तिथंच आमची गाडी पंक्चर झाली. गुरुजी जॅक लावेपर्यंत मी त्या रांगांकडं पाठ करून उभी राहिले, मग पाठ करून उभं राहणंही जमेना.

तानूबाई लेकीच्या घराच्या पडवीत बाजेवर बसल्या होत्या. बुटक्या, गोऱ्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. लेक बागेत गेली होती. गुरुजींनी नाव सांगितलं तर त्यांनी हात पुढं करून गुरुजींचा चेहरा चाचपला.

"म्हातारं झालासा की वो, गुरुजी."

त्यांना फीत दिसणार नव्हती. मी तोंडी सांगितली. एक माणूस आहे, खुंटीला शेळी आहे, तो दाव्यापाशी जातो, मग शेळी पळते. "तर काय झालं, तानूबाई?"

त्यांनी मान तिरकी केली. "सुटली का सोडली?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा. दोन्ही म्हणता येतं."

"न्हाई म्हणता येत. दोन्ही कसं म्हणता यील? कायतरी एकच झालेलं असतंय."

पडवीत माश्या घोंगावत होत्या. बाजूच्या झाडांवरची पातळं फडफडली.

"तुमचं मशीन चालू हाय?"

"आहे. बंद करू?"

"नगं." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, फोटो काढताना ठेवतात तसे. आणि स्वच्छ, वर्गात धडा म्हणावा तशा आवाजात म्हणाल्या, "दोर म्या सोडला."

गुरुजी भिंतीला टेकून उभे होते, ते खाली बसले.

"पुन्यांदा म्हणू? आलं का त्यात?"

"आलं."

"मग हौसाक्काला ऐकवा. तिच्या तोंडावर मला म्हणाया ईना. दोनदा एस्टीत बसून गेले वाडीला. दोन्ही बाऱ्याला ती आधीच म्हणली, 'तानू, दोर सुटला गं.' माझ्या तोंडातला शब्दच तिनं काढून घेतला. आता डोळं गेलं. अजून काय काय जाईल. तुमी ऐकवा."

मी पुढं काही विचारलं तर त्या फक्त मान हलवत राहिल्या. तेवढंच वाक्य त्यांनी इतकी वर्षं सांभाळून ठेवलेलं होतं.

परत येताना गुरुजींनी बराच वेळ गाडी चालवली आणि मग म्हणाले, "नका ऐकवू. मी तुमाला शब्द हुडकाया न्हेलं. हे उचलून न्यायला न्हाई. ती बाई चाळीस वर्सं एका वाक्यावर जगलीया. ते काढून घेतलं तर काय उरतंय तिच्यापाशी?"

"आणि तानूबाईंपाशी काय उरतं, नाही ऐकवलं तर?"

 मलाही माझी खात्री नव्हती. मी शब्द गोळा करायला आलेली बाई, कोणाचा निरोप पोचवणारी नव्हे. त्या रात्री झोप लागली नाही एवढंच सांगते.

पुन्हा वाडी

हौसाबाईंना मी सगळं आधी सांगितलं. तानूबाईंचा आवाज आहे, त्यांनीच पाठवला आहे, ऐकायचा नसेल तर मी इथंच पुसून टाकेन. त्यांनी गुरुजींकडं पाहिलं, मग चुलीपुढचं काम उरकलं, हात धुतले, पदर नीट केला आणि समोर येऊन बसल्या.

"लावा."

"दोर म्या सोडला." त्या लहानशा खोलीत आवाज फार मोठा वाटला.

हौसाबाई हलल्या नाहीत. "परत लावा."

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले.

"आवाज तिचाच हाय," त्या म्हणाल्या. "पर तिनं न्हाई सोडला. ती दोराला नव्हतीच."

गुरुजी पुढं सरकले. "आवं, सहा बाया..."

"पाच. तानू काठाला पोटावर निजून खाली बघत हुती. खालचं बोलणं वर सांगत हुती." त्या थांबल्या. "त्या दिशी भांडण झालं. माझी घागर आदी का तुझी आदी. पोर खाली, आन् वर आमी भांडतोय. ऊन असं. लेकरं रडत्यात पाण्यासाठनं. खालनं पोर म्हणली, काकी... तानूला काकी म्हणायची ती... घागर भरली, वडा. आमी वडाया लागलो. तर घागर हिंदकळली, आर्धी सांडली. पोर आन् घागर, दोघींचं वजन. मग तानू वरडली, 'घागर आदी दे गं! दोर घागरीला बांध! तुला मागनं घिऊ!'"

चुलीतलं लाकूड खाली पडलं.

"आमी सगळ्याच वरडलो. मी बी वरडले. बांध म्हणलं, बांध लौकर. मग दोर हलका झाला, परत जड झाला. वडला. घागर वर आली. भरून. एक थेंब सांडला नव्हता. लय नीट गाठ मारल्ती तिनं. दहा वर्साची पोर."

मी ध्वनिमुद्रण कधीच बंद केलं होतं.

"पाणी वाटून घेतलं. फुलपात्रानं. कुणाला किती. तवर खाली दगडं ढासळली. लय न्हाई. चारपाच दगडं. घोंगडं झटकल्यावानी आवाज आला." त्यांनी गुरुजींकडं वळून पाहिलं. "दोर सुटला न्हाई, गुरुजी. कुणी सोडलाबी न्हाई. दोर तर वर आमच्या हातात हुता."

"मी इचारलं न्हाई," गुरुजी म्हणाले. 

"न्हाई इचारलं."

हौसाबाईंनी गुरुजींना दिलासा दिला नाही. रागही केला नाही.

मी अकरा घरं फिरले होते, कर्ता शोधत. वाडीनं वाक्य दोराचं केलं होतं आणि तानूबाईंनी ते स्वतःचं करून घेतलं होतं. जिच्या कमरेला तो दोर होता ती पोर दोन्ही वाक्यांत नव्हती. तिचं नावदेखील मी त्या घटकेपर्यंत ऐकलं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"काय नाव होतं तिचं?"

"मंजुळा." हौसाबाईंनी ओठ पुसले. "तिनं आपल्या हातानं दोर सोडला, बाई. कमरेचा सोडला आन् घागरीला बांधला. हे कसं म्हणायचं? पोरीनं दोर सोडला म्हणलं की लोक इचारणार, का सोडला? मग सांगावं लागंल. म्हणून मीच म्हणले पयल्यांदा. पाटलाच्या ओसरीवर. सुटला. मग सगळ्या म्हणाल्या. मग वाडी म्हणाया लागली. बारकी पोरंबी. त्यास्नी ठावंबी न्हाई कशापायी."

मी टॅब्लेट उचलला. "तुम्हाला काही सांगायचं असेल तानूबाईंना, तर यात बोला. मी उद्या..."

"मशिनीत कशाला बोलू? ती काय मेलीया?" त्या उठल्या. दाराच्या मागची चप्पल काढली. "गुरुजी, गाडी हाय न्हवं?"

आटपाडीच्या पुढं, तीच दुपार

 म्हसवड मागं पडल्यावर एकदा हौसाबाईंनी पवनचक्क्यांकडं बोट करून विचारलं, "ह्यास्नी कोण फिरवतंय?" गुरुजी म्हणाले, "वारा." त्यांनी मान डोलावली.

तानूबाई तशाच बाजेवर होत्या. पावलांच्या आवाजानं त्यांनी मान वर केली आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांचा चेहरा बदलला. चाळीस वर्षांनीही चालणं ओळखू येतं.

"हौसाक्का?"

हौसाबाई बाजेवर त्यांच्या शेजारी टेकल्या. तानूबाईंचे पाय बुटकेपणानं अधांतरी, हौसाबाईंचे जमिनीला टेकलेले. मी आणि गुरुजी पडवीच्या खांबाशी उभे राहिलो. जावं की थांबावं कळेना.

"ऐकलंस?" तानूबाईंनी विचारलं.

"ऐकलं. खोटं हाय."

"मीच वरडले. माझं ऐकायची ती. माझ्या सांगण्यावर तिनं..."

"आपण वरडलो," हौसाबाई म्हणाल्या. 'आमी' नाही. 'आपण'. मघाशी वाडीत त्या 'आमी'च म्हणत होत्या. "आपण समद्या वरडलो. पर दोर मंजीनं सोडला, तानू. मंजीनं घागर बांधली. मंजीनं पाणी दिलं."

तानूबाईंच्या तोंडातून एक आवाज आला. रडणं नव्हतं ते, खोल पाण्यात घागर बुडते तेव्हा येतो तसा काहीतरी. हौसाबाईंनी त्यांचा हात धरला, मनगटाच्या वर, घट्ट. बागेतली पातळं एकदम शांत झाली, कारण वारा पडला होता. 

मग तानूबाईंनी विचारलं, "त्यातलं पाणी मी न्हाई प्याले. मी काठालाच हुते. तू प्यालीस?"

"प्याले."

"कसं हुतं?"

 हौसाबाई समोर बघत होत्या, पण काय बघत होत्या ते मला माहीत नाही.

"गार हुतं," त्या म्हणाल्या. "लय गार हुतं, तानू."

त्या दिवशी हौसाबाई आमच्याबरोबर परत आल्या नाहीत.